तानूबाईंची सहाण

"द्या इकडं ती," मी म्हणाले. "तपासायला हवी आहे. परत देईन."

तानूबाईंनी पदराचं टोक आणखी घट्ट धरलं. सहाण त्यात गुंडाळलेली होती. नवजात बाळांच्या कक्षाबाहेरच्या बाकावर त्या सकाळपासून बसून होत्या आणि येणारे-जाणारे त्यांच्याकडे बोट दाखवून पुढे जात होते. आतमध्ये त्यांच्या भावाचं बाळ पहाटे गेलं होतं. त्या आठवड्यात त्या कक्षातलं ते तिसरं मूल.

"मोडणार न्हाई न्हवं?" त्यांनी विचारलं. "माज्या आईची हाय. बिरूला हिच्यावरच वाढवलाय मी. आई गेली तवा त्यो रांगत हुता."

"नाही मोडणार."

तळहाताएवढा काळा दगड, मधे उगाळून उगाळून खोलगट झालेला. वेखंड, मुरडशेंग, हळकुंड यांचा वाळलेला पिवळट ओघळ अजून त्यावर होता. मी हातमोजे घातले, दगड निर्जंतुक पिशवीत टाकला आणि वर चिठ्ठी चिकटवली. पंचविशीतली मी, रुग्णालयाला लागून असलेल्या जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. रडणाऱ्या माणसांशी कसं बोलायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि या बाई तर रडतही नव्हत्या. मला त्याची जास्त भीती वाटली.

"काय करणार तिचं?"

"यावरचे जंतू वाढवायचे. मग त्यांच्या आतला सगळा नकाशा काढायचा."

"म्हणजे त्यो कुठनं आला ते कळतंय?"

"कळतं."

"समदं कळतंय?"

"बरंचसं," मी म्हणाले. बाईंनी मान हलवली.

त्याला आता खूप वर्षं झाली. आमच्या घरीही मुलांना घुट्टी दिली जायची, माझी नानी जायफळ उगाळताना वेढे मोजायची. त्यामुळे कक्षात चोरून बाळाला गुटी चाटवणाऱ्या आत्याचा मला लोकांना आला तेवढा राग आला नाही. पण थोडा आला होता, हेही खरंच आहे.

दोन दिवसांनी सहाणेवर क्लेब्सिएला नावाचा जंतू सापडला. तिन्ही बाळांच्या रक्तात सापडला होता तोच. रुग्णालयाच्या अधीक्षकांना हे कळलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "झालं तर मग," ते म्हणाले. "नातेवाइकांचे अघोरी उपाय. एका मुलाला झालं, त्याच्यापासून बाकीच्यांना. आपण काय करणार?"

येडग्यांचं बाळ तिसरं आजारी पडलं होतं, पहिलं नाही, हे मी सांगायला तोंड उघडलं तोवर ते उठून बाहेर गेले होते. बिरदेव येडगे, म्हणजे तानूबाईंचा भाऊ बिरू, बायकोला घरी न्यायच्या कागदांवर सह्या करत उभा होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी हे त्याला व्हरांड्यातच सांगितलं, चारचौघांसमोर.

बाळंतिणींच्या खोलीतून त्याची बायको भिंत धरत धरत आली. सुवर्णा तिचं नाव. कानाला फडकं बांधलेलं, चेहरा पांढराफटक. लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर झालेलं ते पहिलं मूल होतं, आणि दिवस भरायच्या आधी झालेलं.

"वन्सं," ती म्हणाली, "माझ्या दारात परत पाय ठिवू नगा."

एवढंच. मग ती जिथे होती तिथेच खाली बसली. असं कुणी तोंडावर म्हटल्यावर माणूस काहीतरी बोलतं, निदान हात जोडतं. नवऱ्यानं टाकलेल्या त्या बाईला भावाच्या घराशिवाय दुसरं घर नव्हतं. तरी तानूबाई काही बोलल्या नाहीत. सुवर्णाकडे बघत राहिल्या आणि मग पिशवी उचलून जिना उतरून गेल्या. हिला मान्य आहे म्हणजे, असं माझ्या मनात आलं.

आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख कोरे सर सोलापूरकडचे. शिस्तीला कडक आणि तोंडाला त्याहून. एखाद्या आकड्याला "जवळजवळ" म्हटलं तरी त्यांना चालत नसे. मी सहाणेचा निकाल त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा त्यांनी तो उलटा करून टेबलावर ठेवला.

"मुजावर, येडगे आडनावाची माणसं किती गावांत असतील?"

"पुष्कळ."

"ती सगळी एका चुलीवर जेवतात का?"

"नाही सर."

"मग क्लेब्सिएला सापडला म्हणजे तोच सापडला, हे कुणी सांगितलं? आणि तोच असला तरी बाळाकडून दगडाकडे गेला की दगडाकडून बाळाकडे, की दोघांकडे तिसरीकडूनच आला? पूर्ण नकाशा काढ. तिन्ही मुलांचे जंतू, सहाण, आणि त्या कक्षात ज्याला ज्याला म्हणून हात लागतो ते सगळं."

नमुने घ्यायला मी कक्षात गेले तेव्हा तिथल्या सिस्टर वैतागल्या. काचपेट्या, नळ्या, दाराच्या मुठी, पडदे, सगळीकडे मी कापसाची काडी फिरवत होते. "आता माझी वेणी तेवढी राहिली, तीपण तपासा," एक जण म्हणाली. मी खरंच तपासली. नंतर त्या माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत.

कक्षाला लागून आयांची खोली होती. तिथे बसून त्या दूध काढायच्या आणि वाटी-चमच्याने बाळांना पाजायच्या. कोपऱ्यात एक बेसिन होतं. वर मोठा फलक: आत नेण्याची प्रत्येक वस्तू स्वच्छ धुऊन न्यावी. नळाची धार थेट खालच्या भोकात पडायची आणि शिंतोडे उडायचे. माझ्या बाहीवरही उडाले. त्या भोकातही मी काडी फिरवली.

या जंतूच्या अंगात पन्नास लाखांहून जास्त अक्षरांचा मजकूर असतो. एकाचे दोन होताना तो पूर्ण मजकूर नकलून काढला जातो आणि नकलताना क्वचित एखादं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या सगळ्या पिढ्यांत तशीच उतरते. म्हणून चुका जुळवत गेलं की कोण कुणाच्या पोटचा, ते कळतं. सांगायला सोपं आहे. आमचं यंत्र नवं होतं, पण नखरे एखाद्या मानापमानवाल्या जावयासारखे. वीज जरा हलली की सगळं काम पाण्यात. ते दिवस मी चहावर काढले. जेवायला बसले की व्हरांड्यात खाली बसलेली सुवर्णा डोळ्यांपुढे यायची, आणि डबा तसाच घरी परत जायचा.

नकाशा पूर्ण झाला तेव्हा त्यात काही शंका घ्यायला जागा नव्हती. सगळ्यांचं मूळ बेसिनच्या पाइपात होतं. तिथे तो जंतू चिकट थर करून कितीतरी आधीपासून राहत होता, येडगे कुटुंब रुग्णालयाची पायरी चढायच्याही आधीपासून. त्या नळाखाली धुतलेल्या वाट्या-चमच्यांतून तो बाळांच्या पोटात गेला होता.

कोरे सरांनी अधीक्षकांच्या खोलीत जाऊन सांगितलं, "बेसिन फोडा."

"अहो, पण सहाणेवर—"

"आधी फोडा. मग सहाणेचं बोलू."

फोडलं. आतून निघालेला पाइप बघून अधीक्षक रुमाल नाकाला लावून मागे सरले, आणि त्यानंतर गुटीचं नाव त्यांनी काढलं नाही. खोली बंद झाली, बाळं दुसरीकडे हलवली गेली. त्यानंतर त्या जंतूने तिथे कुणाला नेलं नाही. मला फार आनंद झाला होता. तानूबाई सुटल्या, असंच मला वाटत होतं.

मग सरांनी मला बोलावून पडद्यावरच्या वंशवेलीकडे बोट केलं. "ही फांदी नीट बघ."

मी बघितली. पहिल्या दोन बाळांचे जंतू पाइपातल्यासारखे, अक्षर न् अक्षर. सहाणेवरचे काही जंतूही तसेच होते, पण काहींत दोन अक्षरं वेगळी होती. पाइपातून घेतलेल्या एकाही नमुन्यात ती नव्हती. आणि येडग्यांच्या बाळाच्या रक्तातल्या झाडून सगळ्या जंतूंत तीच दोन, तिथेच.

म्हणजे पाइपातून सहाणेवर, तिथे अक्षरं बदलली, आणि सहाणेवरून बाळाच्या तोंडात. बाकी दोघांना वाटी-चमच्यातून मिळालं, याला मात्र गुटीतून.

"अहवालात जाईल?" मी विचारलं.

"आहे तसं जाईल. अहवालात नावं नसतात, क्रमांक असतात." ते पडद्याकडे बघत राहिले. "कुणाला बोललीस?"

"नाही."

"बरं."

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेच्या दारात, चपलांच्या ढिगाशेजारी, तानूबाई बसलेल्या दिसल्या. रखवालदार त्यांना उठवत होता आणि त्या उठत नव्हत्या. मी त्यांना आत आणून खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

"नकाशा झाला का बाई?"

सर बाहेर आले. ते पेशंटच्या माणसांना कधी भेटत नसत, त्या दिवशी भेटले. "जंतू रुग्णालयाच्या बेसिनमध्ये होता," त्यांनी सांगितलं. "आमच्याच पाइपात. तुम्ही यायच्या कितीतरी आधीपासून."

मला वाटलं होतं, बाईंच्या डोळ्यांत पाणी येईल. त्यांनी नुसतं विचारलं, "हे तुमी सुवर्णाला यिऊन सांगशिला का?"

"तुम्हीच सांगा ना," मी म्हणाले.

"माज्या तोंडचं तिला पटायचं न्हाई. आन् मी आत जाईत न्हाई. बिरोबाच्या देवळात ऱ्हाती." त्या सरांकडे वळल्या. "ती जेवत न्हाई सायेब. भिंतीकडं त्वांड करून पडून असती. बिरू वाकळंवर बसून घास भरवतोय, तर तसाच तोंडात धरून ठिवती. ती जायाची अशानं. माजं काय, देवळात बी दीस जातील. पर तिला सांगा."

"उद्या येतो," सर म्हणाले.

त्या निघाल्या तेव्हा मी सहाण पुढे केली. वाफेत घालून पूर्ण निर्जंतुक केलेली, नव्या कोऱ्या कापडात गुंडाळलेली. बाईंनी तिच्याकडे बघितलंही नाही. "ठिवा तुमच्याकडंच," त्या म्हणाल्या.

येडग्यांचं आंबेघोल गाव माळावर आहे. रुग्णालयाची जीप शेवटचा रस्ता धूळ उडवत गेली. सर पुढे बसले होते. मला राहवलं नाही.

"सर, तिनं नेमकं विचारलं तर?"

"काय?"

"की तिच्या बाळाला गुटीतून आला का."

"विचारलं तर सांगायचं. नकाशा आपण आपल्या सोयीनं वाचत नाही, मुजावर."

त्या क्षणी मला त्यांचा खरोखर तिटकारा आला. आणि ते बरोबर बोलत होते, म्हणून तो जास्तच आला.

बिरूने घोंगडं अंथरलं. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, मागे मेंढरांचा वाडा. सुवर्णा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. व्हरांड्यात पाहिलेल्या बाईची सावलीच उरली होती. तानूबाई उंबऱ्याबाहेर, कुडाच्या आडोशाला उभ्या राहिल्या. तिथून त्यांचा पदर तेवढा दिसत होता.

सर सावकाश बोलले. बेसिन, पाइप, त्यातला थर, सगळं. आधी गेलेल्या दोन बाळांविषयीही सांगितलं. बिरू ऐकता ऐकता मुठी आवळत होता. "म्हणजे दवाखान्यानंच मारलं की!" तो म्हणाला. "आन् माज्या भणीला..." तो उठून मेंढरांकडे गेला.

सुवर्णा हलली नव्हती. आपण बोललेलं तिला ऐकू तरी जातंय का, अशी मला शंका आली. मग ती म्हणाली, "सायेब, एक इचारू? खरं सांगायचं पर."

"विचारा."

"गुटी दिली नसती, तर जगलं असतं का माजं?"

मागे एक कोकरू ओरडत होतं. सरांनी मांडी बदलली. घोंगड्याच्या दशीशी त्यांची बोटं चाळा करायला लागली. मी खाली मान घालून बसले.

"गुटीचा काही संबंध नाही," सर म्हणाले. "तुमच्या बाळाला जंतू थेट पाइपातून आला. वाटी-चमच्यातून. बाकीच्या दोघांना आला तसाच."

"नक्की?"

"नक्की."

"तुमच्या त्या नकाशात हाय तसं?"

"आहे."

नकाशात तसं नव्हतं. मी सरांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

सुवर्णाच्या घशातून एक आवाज आला आणि मग ती रडायला लागली, पोटातून, आडवीतिडवी. पुष्कळ वेळाने ती भिंत धरून उठली आणि दारापर्यंत गेली. "वन्सं," ती म्हणाली. "चुकलं माजं. आत या."

तानूबाईंनी तिचे डोळे पदराने पुसले. "चुलीवर दूध हाय का बघ," त्या म्हणाल्या, "आन् भाकरी कुस्करून खा त्यात. सायबास्नी पोचवून येतीच मी."

जीप ओढ्यापलीकडे उभी होती. तिथपर्यंत तानूबाई आमच्या मागून चालत आल्या. ड्रायव्हर कुठे गेला होता कोण जाणे. सर दाराला हात लावून उभे राहिले.

"सायेब, मघाशी तुमी वाईच थांबला," तानूबाई म्हणाल्या. "तवाच कळलं मला."

सरांचा हात दारावरून खाली आला.

"तसं मला आधीच वाटत हुतं. तुमी पाइपाचं सांगितलं न्हवं काल, तवापास्नं." त्या शांतपणे बोलत होत्या. "घरी आमी सहाण धूत न्हाई. गुटी झाली की कोरड्या फडक्यानं पुसायची आन् ठिवून द्यायची. तिथं नर्सबाईनं बजावलं, आत न्यायचं ते समदं त्या नळाखाली धुवायचं. म्हणलं दवाखान्याचा नेम हाय, मोडाय नगो. घासून घासून धुतली."

"तुमची यात काही चूक नाही," सर म्हणाले.

"चूक कोण म्हणतंय? पर हात माजा हुता न्हवं." त्यांनी घराकडे बघितलं. "तिला कदी सांगू नगा. गुटी तिनंच मागितली हुती. लेकरू कळवळत हुतं, तर मला म्हणली, वन्सं, वाईच उगाळून द्या की. बिरूला म्हाईत न्हाई. तिनं मला दारात पाय ठिवू नगा म्हणलं, तवा म्हणलं बरं झालं. माज्यावर आग काढंल, तर सोताला खायाची न्हाई. पर ती खाईतच हुती."

मी रडत होते. मला लाज वाटली नाही.

"एक सांगा," त्या म्हणाल्या आणि दोन्ही हात सरांपुढे धरले, तळवे वर करून. "त्यो ऱ्हातो का हातात?"

"नाही," सर म्हणाले. "केव्हाच गेला. साबण-पाण्यानं हात धुतले की जातो तो."

"धुतल्यावर?" तानूबाई म्हणाल्या. "धुतल्यानंच आला न्हवं त्यो?"

सरांकडे याचं उत्तर होतं. धार, भोक, शिंतोडे, ते वर्गात तासभर समजावून सांगत. बाईंनी हात पदराखाली घेतले आणि त्या ओढा ओलांडून परत गेल्या.

परतीच्या वाटेवर सर एकदाच बोलले. "अहवाल आहे तसाच जाईल," ते म्हणाले. आणि तो तसाच गेला.

पुढे दोनेक वर्षांनी बिरूचा फोन आला. मुलगी झाली होती, बारसं होतं. सर तोवर निवृत्त होऊन सोलापूरला गेले होते, मी एकटीच गेले. पत्र्याच्या घरापुढे मांडव होता. सुवर्णा अंगाने भरली होती, हसत होती, येणाऱ्या प्रत्येकीला "जेवून जायचं हं" म्हणत होती. तिला बघून मला फार बरं वाटलं. सर खोटं बोलले ते उगीच नाही, असं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं.

नाव आत्यानेच ठेवायचं. बायकांनी तानूबाईंना पाळण्याकडे ढकलत आणलं. त्या वाकल्या, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन कुर्र केलं आणि नाव सांगितलं. बायकांनी त्यांच्या पाठीत धपाधप धपाटे घातले, हशा उसळला. मी पाळण्याच्या या बाजूला होते. वाकताना, धपाटे खाताना, सगळा वेळ त्यांनी हात पाठीमागे एकमेकांत गच्च धरून ठेवलेले मला दिसले.

सुवर्णाने लेकीला पाळण्यातून उचललं आणि त्यांच्यापुढे धरलं. "घ्या की वन्सं. दोन महिन्यांची झाली, अजून एकदा मांडीवर घेतली न्हाई तुमी. असं काय करताय? तुमचंच हाय."

बाळाने पाय झाडले. तानूबाई एक पाऊल मागे सरकल्या.

"नगो गं," त्या हसून म्हणाल्या. "हात वलं हाईत माजं."

त्यांचे हात कोरडे ठणठणीत होते.